एकाच मशीनचे तीन प्रोग्राम: आधी लॅडर, मग टेक्स्ट, मग दोन्ही

व्हिज्युअल प्रोग्रामिंग म्हटलं की बहुतेकांना मुलांच्या स्क्रॅच या भाषेचे रंगीत ठोकळे आठवतात, आणि पुढचं वाक्य ठरलेलंच असतं की पोरांना शिकवायला ठीक आहे पण खरं काम कोडमध्येच होतं. मला हे वाक्य खटकतं. मी पोट भरतो ते पीएलसीवर, म्हणजे कारखान्यातली मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवर, आणि पीएलसीच्या दुनियेत चित्रात काढलेला प्रोग्राम गेली पन्नासहून जास्त वर्षं कारखाने चालवतोय, चाकण भोसरी रांजणगाव कुठल्याही शेडमध्ये जा, पॅनल उघडा, लॅपटॉप जोडा, बहुतेक ठिकाणी लॅडरच दिसणार, म्हणजे शिडीसारखा काढलेला प्रोग्राम. पण हेही खरं की मी स्वतः एकदा एका मशीनचा अख्खा लॅडर काढून टाकून टेक्स्टमध्ये लिहिला होता, आणि मग त्यातला निम्मा परत लॅडरमध्ये आणला. ते सगळं प्रकरण इथे नीट मांडतो. कंपनीचं नाव आणि पीएलसीचा मेक मुद्दाम सांगत नाही, कारण जे झालं त्यात ब्रँडचा काही संबंध नव्हता.

मशीन होतं चाकणजवळच्या एका ऑटो पार्टच्या कंपनीत. गोल फिरणारं इंडेक्सिंग टेबल, त्यावर सहा स्टेशन. एक नंबरला ऑपरेटर ॲल्युमिनियमची बॉडी ठेवतो, दोनला ओ-रिंग, म्हणजे रबरी सील, बसलीय का ते तपासलं जातं, तीनला कव्हर प्रेस होतं, चारला स्क्रू, पाचला लीक टेस्ट, सहाला मार्किंग आणि तिथूनच ओके माल एका बाजूला आणि एनजी, म्हणजे नापास, दुसऱ्या बाजूला. लीक टेस्ट म्हणजे पार्टमध्ये हवा भरायची, थोडा वेळ स्थिर होऊ द्यायची, मग ठराविक सेकंदात प्रेशर किती पडतं ते मोजायचं आणि शेवटी हवा सोडून द्यायची. मधला स्थिर होण्याचा वेळ फार महत्त्वाचा असतो, कारण भरताना हवा गरम होते आणि मग ती गार होताना गळती नसतानाही प्रेशर पडताना दिसतं, आणि हा वेळ प्रत्येक पार्टच्या आतल्या जागेनुसार वेगळा लागतो. म्हणून प्रत्येक व्हेरियंटचं, म्हणजे पार्टच्या प्रत्येक प्रकाराचं, स्वतःचं सेटिंग. या मशीनवर 38 व्हेरियंट चालायचे आणि प्रत्येकाचे 11 आकडे, टेस्ट प्रेशर, भरायचा वेळ, स्थिर व्हायचा वेळ, मोजायचा वेळ, लीकची लिमिट, स्क्रूचा टॉर्क वगैरे.

आता ज्यांनी लॅडर पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी. डावीकडे एक उभी रेघ, उजवीकडे एक उभी रेघ, आणि मध्ये आडव्या पायऱ्या, एकेका पायरीला रन्ग म्हणतात. पायरीवर डावीकडून कॉन्टॅक्ट, म्हणजे अटी, ओळीने बसवलेले आणि उजव्या टोकाला कॉइल, म्हणजे जे चालू करायचं ते. कॉन्टॅक्ट एकामागोमाग असतील तर सगळे लागले पाहिजेत, एकाखाली एक फांदी काढली असेल तर कुठलाही एक चालेल. सगळे जुळले की डावीकडून उजवीकडे रस्ता पूर्ण होतो आणि कॉइल चालू. लॅपटॉप मशीनला ऑनलाईन जोडला की जिथपर्यंत रस्ता पोचलाय तिथपर्यंत पायरी हिरवी दिसते, आणि जिथे हिरवं तुटतं तिथे अडलंय. एवढंच. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड केलेला पोरगा मोटर चालू करणाऱ्या डीओएल स्टार्टरचा कंट्रोल सर्किट काढून आलेला असतो, स्टार्ट बटणाला समांतर होल्डिंग कॉन्टॅक्ट, सिरीजमध्ये स्टॉप आणि ओव्हरलोड, आणि लॅडरमध्ये मोटर चालू करायची पायरी हुबेहूब तीच असते. त्याला नवीन भाषा शिकावीच लागत नाही.

हे असंच ठरवून केलेलं होतं. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला दर वर्षी मॉडेल बदललं की रिलेची, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचांची, मोठमोठी पॅनल परत वायर करावी लागायची, त्यांनी 1968 मध्ये याला पर्याय मागितला, आणि डिक मॉर्ली आणि मंडळींच्या बेडफर्ड असोसिएट्सने जो कंट्रोलर दिला तो मॉडिकॉन 084, चौऱ्याऐंशी कारण तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रोजेक्ट. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला रिलेचे ड्रॉइंग वाचता येत होते, म्हणून प्रोग्रामही त्या ड्रॉइंगसारखाच दिसेल असा ठेवला. म्हणजे मॉडेल बदलणं सोपं व्हावं म्हणून पीएलसी आला, आणि आमच्या चाकणच्या मशीनवर नेमकं मॉडेल बदलणंच अवघड होऊन बसलं होतं.

31 नंबरचा व्हेरियंट

जुना प्रोग्राम सगळा लॅडरमध्ये, 612 पायऱ्यांचा. तो लिहिणारा माणूस हुशार होता हे मी आधीच सांगतो, सिक्वेन्स स्वच्छ होता, इंटरलॉक, म्हणजे चुकीच्या वेळी काही हलू नये म्हणूनच्या अटी, विचार करून टाकलेले होते. अडचण व्हेरियंटच्या सेटिंगची होती. लॅडरमध्ये आकड्यांचं टेबल, म्हणजे तक्ता, हाताळणं फार जड जातं, त्यामुळे त्याने प्रत्येक व्हेरियंटला एक पायरी दिली होती, डावीकडे तुलना, की निवडलेला नंबर अमुक आहे का, आणि उजवीकडे एकाखाली एक 11 मूव्ह ठोकळे, प्रत्येक ठोकळा एक आकडा उचलून जागेवर टाकणार. 38 गुणिले 11, म्हणजे 418 ठोकळे. सुरुवातीला व्हेरियंट सहाच होते तेव्हा हे छान दिसत असणार. नंतर कोणी ना कोणी मागची पायरी कॉपी करून पेस्ट करत गेलं.

30 वरून 31 कॉपी करताना दहा आकडे बदलले गेले आणि लीकची लिमिट राहिली. 30 ची लिमिट कडक होती, 31 ची सैल पाहिजे होती. परिणाम असा की 31 चालू केला की चांगले पार्ट एनजी पडायला लागले. दोन दिवस सगळे ओ-रिंगच्या लॉटला दोष देत होते, मग फिक्स्चरचं सील बदललं, मग हवेच्या लाईनमध्ये पाणी येतंय का बघितलं. प्रोग्राम कोणी उघडलाच नाही असं नाही, उघडला होता, पण 38 सारख्या दिसणाऱ्या पायऱ्यांत एका ठोकळ्यातला एक आकडा चुकलाय हे डोळ्यांना दिसत नाही. चित्रात सगळं समोर असतं हे खरं, पण चारशे ठोकळे समोर असले तर समोर असणं आणि दिसणं यात फार अंतर पडतं. नशीब की चूक या बाजूला झाली, उलटी झाली असती तर गळके पार्ट ओके म्हणून पुढे गेले असते, आणि हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

त्यानंतर मला बोलावलं आणि काम दिलं की सगळा प्रोग्राम नीट करून द्या, पुढे पन्नास व्हेरियंट होणार आहेत.

टेक्स्टमध्ये लिहिलेला

पीएलसीच्या भाषांचं स्टँडर्ड आहे आयईसी 61131-3, पहिलं 1993 मध्ये आलं. त्यात मुळात चित्राच्या दोन भाषा होत्या, लॅडर आणि फंक्शन ब्लॉक डायग्राम, टेक्स्टच्या दोन, इन्स्ट्रक्शन लिस्ट आणि स्ट्रक्चर्ड टेक्स्ट, आणि टप्पे मांडायला एसएफसी. इन्स्ट्रक्शन लिस्ट 2013 च्या आवृत्तीत कालबाह्य ठरवली गेली, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट मात्र वाढतच गेली, दिसायला पास्कलसारखी, इफ, केस, फॉर, ॲरे, सगळं आहे. कॉलेजात सी शिकून आलेल्या पोरांना ती लगेच आपलीशी वाटते आणि मलाही वाटायची.

व्हेरियंटचा प्रश्न तिथे एका दुपारीत सुटला. 11 आकड्यांचं एक स्ट्रक्चर, म्हणजे एक गठ्ठा, त्याचा 100 चा ॲरे, म्हणजे नंबरवार यादी, आणि 418 ठोकळ्यांच्या जागी एक ओळ: निवडलेल्या नंबरचं स्ट्रक्चर उचल आणि चालू सेटिंगमध्ये टाक. आकडे प्रोग्राममधून बाहेर काढून एचएमआयच्या, म्हणजे ऑपरेटरसमोरच्या, स्क्रीनवर पासवर्डमागे ठेवले, वर प्रत्येक आकड्याला किमान कमाल मर्यादा, लिमिट शून्य ठेवली किंवा बेताल ठेवली तर सेव्हच होणार नाही. नवीन व्हेरियंटसाठी प्रोग्रामला हात लावायची गरजच संपली. या भागाबद्दल मला आजही काही शंका नाही, हिशोब आणि टेबल हे टेक्स्टचंच काम आहे.

पण मी तिथे थांबलो नाही. हात लागलाच आहे तर सगळंच टेक्स्टमध्ये करू म्हणून सिक्वेन्स, इंटरलॉक, व्हॉल्व्हचे आउटपुट सगळं लिहून काढलं. आणि सहा स्टेशनचं लॉजिक एकसारखं असल्यामुळे सहा वेळा न लिहिता एकदाच लिहून एक ते सहा लूपमध्ये फिरवलं. सॉफ्टवेअरवाल्या कोणालाही दाखवलं असतं तर त्याने हेच बरोबर म्हटलं असतं.

ट्रायलमध्येच पहिला धक्का बसला. तीन नंबरचा क्लॅम्प एकदा पकडला की सुटेचना. मी लिहिलं होतं की अमुक अट खरी असेल तर क्लॅम्प चालू कर. लॅडरमध्ये हेच काढलं तर अट गेली की कॉइल आपोआप बंद होते, कारण कॉइल दर स्कॅनला, म्हणजे प्रोग्रामच्या दर फेरीला, पायरीचा निकाल घेते, खरा तर खरा आणि खोटा तर खोटा. टेक्स्टमध्ये इफच्या आत चालू कर म्हटलं आणि अट गेली तर ती ओळ चालतच नाही, आणि क्लॅम्प जसा होता तसा चालू राहतो. लिहायला हवं होतं ते असं, की क्लॅम्प बरोबर अट, सरळ, इफ न लावता. तसंच टायमरचं, इफच्या आत टायमर बोलावला आणि इफ खोटा झाला की टायमर रीसेट होत नाही, तो बोलावलाच जात नाही म्हणून गोठून बसतो. ही चूक अजून पाहतो, लॅडर सोडून टेक्स्टमध्ये येणाऱ्याकडून कमी आणि पायथॉन किंवा सी कडून येणाऱ्याकडून जास्त, कारण त्यांच्या डोक्यात प्रोग्राम एकदा वरून खाली चालतो आणि संपतो, आणि पीएलसीचा प्रोग्राम दर काही मिलिसेकंदांनी इनपुट वाचून, वरून खाली चालून, आउटपुट लिहून परत सुरू होतो, दिवसभर, न थांबता.

हे सगळं ट्रायलमध्ये सापडलं आणि सुटलं. मशीन चालू झालं, सायकल टाईम ठीक, 31 नंबर ठीक, सगळे खूश. साधारण महिनाभर.

रात्री 2:40

तिसऱ्या शिफ्टला तिथले जुने इलेक्ट्रिशियन होते, त्यांचा फोन आला.

"साहेब, मशीन थांबलंय. स्क्रीनवर फॉल्ट काहीच नाही, ऑटो रनिंग दाखवतंय नुसतं."

"कुठल्या स्टेशनला अडलंय काका?"

"कुठेच नाही. सगळी स्टेशनं डन दाखवतायत. टेबलच फिरत नाही."

"लॅपटॉप जोडला का?"

"जोडलाय हो, पण यात सगळं लिहिलेलंच आहे. ते हिरवं कुठे दिसतं?"

मी फोनवर त्यांना ती ओळ शोधून दिली जिथे टेबल फिरवायची परवानगी ठरते. ते म्हणाले सगळं ट्रू दाखवतंय, स्टेशन डन ट्रू, स्लाइड होम, म्हणजे स्लाइड मूळ जागी परत, तेही ट्रू, आणि शेवटचं उत्तर फॉल्स. मला काही कळेना. सगळ्या अटी खऱ्या आणि निकाल खोटा असं होऊ शकत नाही. मी म्हटलं इमर्जन्सी, लाईट कर्टन (मध्ये हात आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा), मेन एअर प्रेशर बघा. ते सगळं बघून झालं. शेवटी गाडी काढून मीच निघालो, पहाटे चार वाजून गेले पोचायला.

झालं होतं असं. परवानगीची ओळ लूपच्या आत होती. लूप एका स्कॅनमध्ये सहा वेळा फिरतो, आणि मॉनिटर जे दाखवतो ते लूप संपल्यावरचं, म्हणजे शेवटच्या फेरीचं, सहा नंबर स्टेशनचं. काका बघत होते ते सहाचं डन आणि सहाचं होम, दोन्ही खरंच ट्रू होतं. फॉल्स होतं चारचं. चार नंबरच्या स्क्रू स्लाइडचा होमचा प्रॉक्सी, म्हणजे सेन्सर, त्याचं ब्रॅकेट व्हायब्रेशनने सैल होऊन दोन तीन मिलिमीटर सरकलं होतं. स्टेशनचं काम नीट पूर्ण झालं, डन लागला, आणि त्यानंतर होमचा सिग्नल गेला. वेळेत काम झालं नाही तर फॉल्ट दाखवायचा टायमर मी काम चालू असतानाच बघत होतो, काम झाल्यावर सिग्नल गेला तर काय हे मी पाहिलंच नव्हतं, म्हणून स्क्रीनही गप्प. पान्याने ब्रॅकेट घट्ट करायला दोन मिनिटं लागली. मशीन तीन तासाच्या वर बंद.

जुन्या लॅडरमध्ये टेबल फिरवायची एक पायरी होती, लांबलचक, बारा कॉन्टॅक्टची, मी ती बघून नाक मुरडलं होतं. त्या पायरीवर हिरवं सातव्या कॉन्टॅक्टला तुटलं असतं, वर लिहिलेलं असतं स्टेशन चार स्लाइड होम, आणि काका टॉर्च घेऊन सरळ तिथे गेले असते. मला बोलावलंच नसतं. सकाळी सहाला चहा घेताना काका एवढंच म्हणाले, "साहेब, चांगलं केलंय तुम्ही, फक्त आम्हाला दिसत नाही." मला ते फार लागलं, कारण रात्री मशीनसमोर उभा तो माणूस असतो, मी नसतो.

प्रश्न कुठल्या दिशेने विचारला जातो

नंतर मी यावर जरा वाचलं, आणि एक गोष्ट अशी सापडली की डोक्यातला गुंता सुटला. 1984 मध्ये गिल्मोर आणि ग्रीन या दोघांनी मांडलं होतं की कुठलीही लिहायची पद्धत सरसकट चांगली किंवा वाईट नसते, ती काही प्रश्नांची उत्तरं सोपी करते आणि काहींची अवघड. प्रश्न दोन दिशांचे असतात. एक पुढे जाणारा, ही ही परिस्थिती आहे तर आता काय होईल. दुसरा मागे जाणारा, हे जे झालंय किंवा झालेलं नाही, ते कशामुळे. पद्धत आणि प्रश्न जुळले तर उत्तर लवकर मिळतं.

लॅडर हा मागे जाणाऱ्या प्रश्नासाठीच बनलेला आहे. उजवीकडे कॉइल, म्हणजे परिणाम, आणि त्याच्या डावीकडे त्याची सगळी कारणं, एका ओळीत, दुसरीकडे कुठे बघायचंच नाही. ब्रेकडाऊनला माणूस हाच प्रश्न घेऊन येतो, का फिरत नाही. टेक्स्टमध्ये इफच्या आत इफ, त्यात केस, त्यात लूप, हे पुढे जाणाऱ्या प्रश्नाला उत्तम, लिहिणारा त्याच दिशेने विचार करतो म्हणून त्याला ते स्वच्छ वाटतं. पण उलट यायचं म्हटलं तर हा आउटपुट कुठे कुठे लिहिलाय ते शोधा, त्याच्या बाहेर कुठला इफ आहे बघा, त्याच्या बाहेर कुठली केस. मी लिहिणाऱ्याच्या सोयीने भाषा निवडली आणि वाचणाऱ्याचा प्रश्न उलट्या दिशेचा होता.

याचा अर्थ चित्र नेहमी सोपं असाही नाही. याच ग्रीनने पेत्रे आणि बेलामी यांच्यासोबत 1991 मध्ये लॅबव्ह्यू या ठोकळे जोडून प्रोग्राम करायच्या सॉफ्टवेअरच्या आकृत्या आणि टेक्स्ट यांची तुलना केली, तर आकृत्या समजायला लोकांना जास्त वेळ लागला. लॅबव्ह्यूत वायरी एका ठोकळ्यातून दुसऱ्यात जातात, लॅडरसारखी एकाखाली एक शिस्त नसते, मांडणी ज्याची त्याची, आणि गर्दी झाली की वायरचा माग काढताना बोट स्क्रीनवर ठेवावं लागतं. त्यामुळे मला वाटतं व्हिज्युअल हा एकच डबा करून त्यात स्क्रॅच, लॅबव्ह्यू, लॅडर सगळं कोंबणं चूक आहे. स्क्रॅचचे ठोकळे म्हणजे खरं तर टेक्स्टच आहे, वाक्यरचनेची चूक करता येऊ नये म्हणून ठोकळ्यांत घातलेलं, वाचायचंही वरून खाली. लॅडरचं बळ चित्र असण्यात कमी आणि चालू मशीनची अवस्था त्याच चित्रावर उमटते यात जास्त आहे.

आणि लॅडर फसवतोही. दोन ठिकाणी तर नक्कीच. खऱ्या पॅनलमध्ये एका कॉइलला दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी वायर आली तर कुठूनही सप्लाय आला तरी रिले ओढतो. लॅडरमध्ये तीच कॉइल दोन पायऱ्यांवर काढली तर तसं होत नाही, खालची पायरी शेवटी चालते म्हणून तिचंच खरं होतं, वरची कितीही हिरवी दिसो. याच मशीनच्या जुन्या प्रोग्राममध्ये कोणीतरी मॅन्युअल जॉगसाठी, म्हणजे हाताने थोडं थोडं हलवायला, खाली एक पायरी वाढवली होती आणि ऑटोमध्ये व्हॉल्व्ह चालायचा बंद झाला होता, आणि जे वायरिंगमध्ये तरबेज आहेत तेच यात जास्त अडकतात कारण त्यांचा अनुभव इथे उलटं सांगतो. दुसरं, स्कॅन काही मिलिसेकंदांचा आणि लॅपटॉपची स्क्रीन त्यामानाने फार हळू ताजी होते, त्यामुळे एका स्कॅनपुरता आलेला पल्स स्क्रीनवर दिसतच नाही. हिरवं दिसलं नाही म्हणजे आलंच नाही असं धरून चालणारा माणूस दिवसभर चुकीच्या ठिकाणी शोधत बसतो.

तिसरा प्रोग्राम

मी कंपनीला सांगितलं की माझ्या खर्चाने बदलून देतो, आणि दोन रविवार शटडाऊन मिळालं.

सीमा अशी आखली. ज्या प्रश्नाला मेंटेनन्सवाला रात्री उत्तर शोधणार तो लॅडरमध्ये. म्हणजे टेबल फिरायची परवानगी, प्रत्येक व्हॉल्व्ह आणि मोटरचा आउटपुट, ऑटो मॅन्युअल, स्टेशनचे टप्पे. प्रत्येक आउटपुटला एकच पायरी, सगळे आउटपुट एकाच ठिकाणी शेवटी. लूप पूर्ण काढला. सहा स्टेशनला सहा वेगळ्या पायऱ्या, शब्दशः सारख्या, आणि मी त्या मुद्दाम तशाच ठेवल्या. सॉफ्टवेअरमध्ये एकच गोष्ट सहा वेळा लिहिणं पाप मानतात, आणि व्हेरियंटच्या 418 ठोकळ्यांत ते खरंच पाप ठरलं, पण इथे सहा स्टेशन म्हणजे जमिनीवर बोल्ट मारलेल्या सहा वेगळ्या वस्तू आहेत, त्यांचे सहा वेगळे प्रॉक्सी आहेत, आणि ज्याला चार नंबर बघायचाय त्याला चार नंबर असं लिहिलेलंच दिसलं पाहिजे.

ज्याचा हिशोब आहे ते टेक्स्टमध्ये. व्हेरियंटचं टेबल, लीक टेस्टरकडून आलेल्या आकड्याची तुलना, सरासरी, ओके एनजीचे काउंटर, बारकोडचं अक्षर अक्षर तपासणं. बारकोड तपासणी लॅडरमध्ये करून बघा एकदा, कोणीही टेक्स्टच्या बाजूला येईल. हे सगळं टेक्स्टचे ब्लॉक म्हणून बनवले आणि लॅडरमध्ये ते एक चौकोन म्हणून दिसतात. इथे एक धोका होता, चौकोनाच्या आत काय चाललंय ते परत काकांना दिसणार नाही. म्हणून नियम ठेवला की प्रत्येक चौकोनातून कारणाचा एक नंबर बाहेर आलाच पाहिजे, 0 म्हणजे ठीक, 3 म्हणजे बारकोडची लांबी चूक, 7 म्हणजे टेस्टरने उत्तरच दिलं नाही, आणि त्या नंबरचं वाक्य एचएमआयवर. टेबल फिरायला थांबलं आणि पाच सेकंदात फिरलं नाही, तर कुठली अट नाही तिचं नावही स्क्रीनवर, मग स्टेशनचं काम झालेलं असो वा नसो. हे आधीच असतं तर तो फोनही आला नसता, हे मला मान्य आहे, पण जी परिस्थिती आपण आधी विचारात घेतलेली नसते तिच्यासाठी तर पायरीवरचं हिरवं लागतं.

सेफ्टीला मी कधीच हात लावला नव्हता. इमर्जन्सी, लाईट कर्टन, गार्डचे स्विच वेगळ्या सेफ्टी कंट्रोलरवर होते, ठोकळ्यांच्या भाषेत. सेफ्टीची स्टँडर्ड्स लॅडर आणि फंक्शन ब्लॉकसारख्या भाषांना मर्यादित स्वातंत्र्याच्या भाषा म्हणतात, आणि सी सारख्या पूर्ण मोकळ्या भाषेत सेफ्टी लिहायची तर तपासणीच्या अटी बऱ्याच कडक होतात. जिथे माणसाचा हात सापडू शकतो तिथे भाषेने कमी करू दिलेलं चांगलं.

शेवटी 240 पायऱ्या आणि साधारण 300 ओळी टेक्स्ट. टेक्स्टच्या फाईली आता गिटमध्ये आहेत, कोणी कधी कुठली ओळ बदलली ते दिसतं. लॅडरचं तसं नाही होत, इथल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट बायनरी फाईलमध्ये असतो, गिटला एवढंच कळतं की काहीतरी बदललं. तुलना करायची तर त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर उघडून दोन प्रोजेक्ट शेजारी ठेवावे लागतात. तिथल्या लॅपटॉपवर फायनल, फायनल टू, फायनल न्यू असे फोल्डर होते, आणि मशीनमध्ये नक्की कुठला चालतोय हे कोणालाच सांगता येत नव्हतं. सध्या आम्ही दर बदलानंतर लॅडरचा पीडीएफ प्रिंट काढून तोही जपून ठेवतो, डोळ्यांनी जुळवायला. कामचलाऊ उपाय आहे, पण याहून बरा मला अजून सापडलेला नाही.

चार महिन्यांनी दोन नंबरचा एक सेन्सर रात्री गेला. मला सकाळी दहाला कळलं, तेही दुसऱ्याच कामासाठी फोन केला तेव्हा. बारा मिनिटं मशीन बंद होतं, त्यातली आठ स्टोअरमधून सेन्सर आणायला.

त्याच फोनवर काकांनी एक मागणी केली. कॉन्टॅक्टवरच्या कॉमेंटमध्ये मी स्टेशन दोन, स्लाइड ॲडव्हान्स असं लिहिलं होतं. ते म्हणाले, "ते कळतं साहेब, पण तो सेन्सर आहे कुठे तेही लिहा. मागच्या बाजूला, पत्र्याच्या खाली, असं. नवीन पोरगा असला की त्याला शोधायलाच वेळ जातो." त्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट उमटत नव्हती, चौकोन यायचे, म्हणून इंग्रजी लिपीत मराठी लिहायचं ठरलं. एका रविवारी आम्ही दोघं मशीनभोवती फिरलो, ते खाली वाकून टॉर्च मारून सांगत गेले आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन टाईप करत गेलो. एकूण 112 इनपुट. चार नंबरच्या होमच्या प्रॉक्सीपाशी आल्यावर ते म्हणाले, इथे लिहा, ब्रॅकेट सैल होतं, आधी पाना लावून बघा. तेही लिहिलं.